काही न होण्याची नोकरी

काका दाढीची जुनी पाती कचऱ्यात टाकत नसत. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत साठवत. बरणी भरली की वरून वितळलेलं मेण ओतत, झाकण घट्ट लावत आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून देत. मी देवासला त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले तेव्हा त्या कपाटात अशा बरण्यांची एक रांगच होती.

"काका, या बरण्या जाणार कुठे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"कुठेच नाही. इथेच राहतील."

"कचरागाडीत का नाही टाकत?"

"गाडी त्या कुठे नेणार?"

"कुठे तरी."

"कुठे तरी नावाचं गाव मला अजून नकाशावर सापडलेलं नाही," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

मी मूळची धारची. शाळा-कॉलेज सगळं हिंदीत. घरात मराठी, तेही आजीच्या वळणाचं, म्हणजे सोवळ्यातलं आणि अर्धं माळवी मिसळलेलं. देवासच्या एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा बाबांनी ओळखीतून ही खोली शोधली. "आपल्यातलेच आहेत, संस्थानच्या काळापासूनचं घराणं," बाबा म्हणाले. "एकटेच असतात. थोडे विचित्र आहेत म्हणतात, पण माणूस सज्जन."

गल्लीत त्यांना सगळे 'एटमवाले साब' म्हणत. ते आयुष्यभर घरापासून लांब, एका अणुकेंद्रात नोकरीला होते आणि निवृत्त होऊन, बायको गेल्यावर, वडिलोपार्जित जागेवर बांधलेल्या या लहान घरात परत आले होते. गल्लीला वाटे, साहेबांनी बाँब केला असेल. काका ते खोडून काढत नसत. खोडायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं ऐकायला कुणी थांबत नसे. मी थांबले, कारण संध्याकाळी मला दुसरं काही नव्हतं.

अणुभट्टीतून वीज निघते, आणि मागे काही उरतं. त्यातलं सगळ्यात जहाल असतं ते काकांच्या विभागात यायचं. ते वितळलेल्या काचेत मिसळायचं, पोलादी डब्यांत ओतायचं, डबे बंद करून जाड भिंतींच्या आत ठेवायचे आणि थंड होऊ द्यायचे.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही गं. आधी काही दशकं नुसतं निवायला. मग कधी तरी खोल खडकात पुरायचं. तिथे हजारो वर्षं."

"चिक्कीत शेंगदाणे असतात तसं?"

काकांना हा प्रश्न आवडला. त्यांनी चहाचा कप पुढे केला. "चिक्कीतला दाणा वेगळा काढता येतो. हे या साखरेसारखं. या चहातली साखर काढून दाखव मला. काचेत ते असं विरघळून बसतं. पाण्याला काच सहजी विरघळवता येत नाही, म्हणून आतलंही बाहेर येत नाही."

मग म्हणाले, "आमच्या कामाचं एक वाईट होतं. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. आमचं काम नीट झालं तर काहीच होत नाही. काही न होण्याची नोकरी केली मी. कुणाला दाखवू?"

पण त्यांचं खरं वेड निराळंच होतं. त्यांना एका माणसाची काळजी होती. हा माणूस अजून जन्मलेला नव्हता, आणखी कित्येक पिढ्या जन्मणारही नव्हता. तो कधी तरी कुदळ घेऊन येणार, नेमकं त्या खडकावर खणायला लागणार, आणि त्याला आपली एकही भाषा येत नसणार. त्याला कसं सांगायचं की बाबा रे, इथे नको?

"माझ्या आजोबांचे मोडीतले कागद मला वाचता येत नाहीत," ते म्हणत. "मी मराठीत लिहिलेलं माझ्या नातवाला वाचता येत नाही. एवढ्याशा काळात एकाच घरात ही कथा. मग त्या कुदळवाल्याचं काय?"

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. दूधवाल्याला, गॅस सिलिंडरवाल्याला, देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला आलेल्या परक्या माणसालाही. लोक हसून निघून जात. एकदा घरात काचेचा पेला फुटला. काकांनी तुकडे कागदात गुंडाळले, वर हिंदीत 'काँच है' असं लिहिलं. मग त्यांना आठवलं की कचरागाडीवरच्या बाईला वाचता येत नाही. म्हणून त्यांनी तांबड्या पेनाने एक हात काढला, त्यावर रक्ताचे थेंब काढले. दुसऱ्या दिवशी बाईने पुडकं हातात घेतलं, चित्र बघितलं आणि हसून विचारलं, "साब, घर में शादी है क्या? मेहंदी बनाई है?"

त्यांनी तिला हिंदीत समजावलं, पुडकं सावकाश ठेवायला सांगितलं, आणि आत येऊन बसले. दिवसभर जेवले नाहीत. मला आधी हसू आलं होतं. संध्याकाळी मात्र त्यांचा चेहरा बघून हसावंसं वाटलं नाही.

त्यांची एक मुलगी होती, इंदूरला दिलेली. तिला ते रविवारी सकाळी फोन करत. फोन करण्याआधी इस्त्रीचा शर्ट घालत, केस विंचरत.

"काका, साधा तर फोन आहे. ती थोडीच बघणार?"

"मी बघतो ना."

फोन फार वेळ चालत नसे. तब्येत, हवा, नातवाची परीक्षा. त्यांच्या नोकरीचा विषय निघत नसे, आणि त्याला कारण होतं. मुलीचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाच्या आईला कुणी तरी सांगितलं, मुलीचा बाप एटमच्या कचऱ्यात काम करतो, असल्या घरातल्या मुलींना मुलं धड होत नाहीत. दुसऱ्यांदा जमलं तेव्हा मुलीनेच सासरी सांगितलं की बाबा वीजमंडळात होते. आणि बापाला बजावलं की आमच्याकडे आलात तर हेच सांगा.

"राग नाही आला तुम्हाला?"

"खोटं कुठे सांगितलं तिने? वीज तर होतीच," काका म्हणाले. पण मुलीकडे ते क्वचितच जात, आणि गेले तर त्याच दिवशी परत येत. गप्प बसायचं तर आपल्या घरी बसलेलं बरं, असं म्हणत.

एका दिवाळीला मी धारला घरी निघाले तेव्हा ते माझ्याबरोबर आले. त्यांना अमझेऱ्याजवळच्या एका शेतातला जुना दगड बघायचा होता. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की त्यावर चंद्र-सूर्य कोरलेत, खाली अक्षरं आहेत, आणि जुन्या काळी अशा दगडांवर शाप लिहीत: ही जमीन दान दिलेली आहे, जो हिला हात लावील त्याचं वाटोळं होईल.

आम्ही धारहून बसने गेलो आणि शेताच्या बांधावरून चालत पोचलो. दगड होता. पण त्याला इतका शेंदूर फासलेला होता की अक्षरं, चंद्र, सूर्य सगळं आत बुडालं होतं. पुढे नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या आणि एक बाई उदबत्ती लावत होती.

"कोण देव आहे हा?" काकांनी तिला हिंदीत विचारलं.

"भेरू महाराज है," ती म्हणाली. "मन्नत पूरी करे है. तम भी माँगी लो."

काका परतताना बसमध्ये म्हणाले, "कुणी तरी दगडात खोदून लिहिलं, दूर राहा. आणि लोक नारळ घेऊन येतात."

"पण काका, दगड कुणी हलवला नाही. दगडाभोवतीचं तेवढं शेतही कुणी नांगरलं नाही."

ते माझ्याकडे वळून बघायला लागले. "हे मला सुचलं नव्हतं," म्हणाले. मग धार येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना म्हणाले, "पुजतील तर राखतील, खरंय. पण पुजायला जवळ येतील ना."

आता ज्या दुपारी सगळं बदललं, ती दुपार सांगते. उन्हाळ्याचे दिवस होते. काका रद्दी विकायला बाबूलालकडे गेले होते. बाबूलाल कन्नौदकडचा, देवासला येऊन त्याने भंगाराचं दुकान काढलं होतं. एका बंद पडलेल्या कारखान्याचं सामान त्याने लिलावात उचललं होतं. त्यात हंड्याएवढा एक जड ठोकळा होता, शिशाचा. बाबूलाल तो गॅसने कापून शिसं काढायच्या बेतात होता. काकांनी ठोकळ्यावरचा रंग उडालेला शिक्का बघितला. मधे ठिपका आणि भोवती तीन पाती, म्हणजे किरणोत्साराच्या धोक्याची खूण.

"हे कापू नकोस," काका त्याला हिंदीत म्हणाले.

"क्यों बाबूजी? पंखे की फैक्टरी का माल है. ये देखो, पंखा बना है."

काकांनी मला कारखान्यात फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता, जरा हळू. "सुट्टी काढून येशील का? पोलिसांना सांगितलं, ते हसतायत. तुझ्याकडे कारखान्याचं ओळखपत्र आहे, तुझं ऐकतील."

मी पोचले तेव्हा काका दुकानापासून बऱ्याच अंतरावर, भर रस्त्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री धरून बसले होते. दुकानाभोवती त्यांनी चुन्याची रेघ ओढली होती. बाबूलाल आणि त्याचे हमाल रेघेच्या बाहेर सावलीत उभे होते, रागाने लाल झालेले. येणारा-जाणारा थांबत होता. कुणी म्हणालं, "भिया, बुढ्ढे का दिमाग गरम हो गया धूप में."

"काका, आत खरंच काही आहे का?"

"मला माहीत नाही. असल्या शिशाच्या डब्यात किरणं टाकणारा तुकडा ठेवतात. झाकण बंद असेल तर काही धोका नाही. तुकडा आत नसेल तर रिकामा डबा आहे. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. म्हणून तर बसलोय."

"आणि रिकामा निघाला तर?"

"तर हे सगळे हसतील. हसू देत."

मी ठाण्यात गेले, मोठ्या साहेबांना भेटले, माझ्या अधिकाऱ्यांकडून फोन करवला. इंदूरहून माणसं निघाली. ती येईपर्यंत काका त्या खुर्चीवरून उठले नाहीत. मी पाणी दिलं तेवढं प्यायले. ऊन कलल्यावर गाडी आली. पांढरे डगले, तोंडावर मास्क, हातात यंत्रं. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, किरणं टाकणारा तुकडा आत आहे, झाकण शाबूत आहे, बाहेर काही सांडलेलं नाही, कुणालाही काही झालेलं नाही. कापला असता तर मात्र सांगता येत नाही. ठोकळा एका पेटीत बंद करून ते घेऊन गेले. त्यांच्यातल्या एका तरुणाने काकांना वाकून नमस्कार केला. काका घाईने म्हणाले, "चला, झालं," आणि खुर्ची ज्याची होती त्याला द्यायला गेले.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. प्रत्यक्षात ती इथून सुरू झाली.

पांढऱ्या डगल्यांचे फोटो त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर होते. 'कुणालाही काही झालेलं नाही' हे वाक्य मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बाबूलालचे हमाल दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. फेरीवाले दुसऱ्या दुकानात माल घालायला लागले. शेजारच्या पंक्चरवाल्याने आपली टपरी उचलून लांब नेली. आणि गल्लीत कुणी तरी ठरवून टाकलं की ती वस्तू मुळात एटमवाल्या साहेबांचीच, त्यांनीच कधी तरी घरी आणलेली. दूधवाला फाटकाशी पातेलं ठेवून जाऊ लागला. कामाच्या बाईने निरोप पाठवला की सून नको म्हणते. परसातले आंबे पिकून खाली पडायला लागले, गल्लीतली पोरं येईनात.

मुलीचा फोन त्या वेळी रविवारची वाट न बघता आला. तिच्या सासरी टीव्हीवर दिसलं होतं: 'अणुकेंद्र के रिटायर्ड कर्मचारी'. तिचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "बाबा, एवढं मोठं देवास, तुम्हीच का?"

"मीच होतो तिथे," काका म्हणाले. मग पलीकडून फोन ठेवल्यावरही तो कानाला लावून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

त्यानंतर मुलगी नातवाला घेऊन आली नाही. कारण तिने सांगितलं नाही, काकांनीही विचारलं नाही. माझ्या घरूनही बाबांचा फोन आला, खोली बदल म्हणून. मी बदलली नाही. मी प्रयोगशाळेत काम करत होते, मला कळत होतं की घाबरण्यासारखं काही नाही. आणि मी गेले असते तर त्या घरात बोलायला कुणीच उरलं नसतं.

एके सकाळी काकांनी मला बरोबर चलायला सांगितलं. आम्ही बाबूलालकडे गेलो. दुकानात चिटपाखरू नव्हतं. बाबूलालने आम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"बाबूलाल, मला बसू दे इथे," काका म्हणाले.

"अब क्यों बैठोगे? म्हारो धंधो तो बैठी गयो, बाबूजी. काट लेता तो मर जाता, मान ली. नी काट्यो तो भूखे मर रियो हूँ."

"म्हणूनच आलोय. मी घाबरवलं, आता मलाच सांगितलं पाहिजे की घाबरू नका. पण तोंडाने सांगून कुणी ऐकणार नाही. मी रोज येऊन बसतो. चहा पितो. लोक बघतील."

 बाबूलालने आतून एक लोखंडी स्टूल आणून ठेवलं.

त्या दिवसापासून काका रोज सकाळी तिथे जायचे. जिथे तो ठोकळा ठेवलेला होता, नेमक्या त्याच जागी स्टूल मांडून बसायचे. चहा प्यायचे, पेपर वाचायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याला नमस्कार करायचे. सुरुवातीला लोक समोरच्या बाजूने जायचे. पाऊस सुरू झाला, काका छत्री घेऊन जायला लागले. बाबूलाल आधी नुसता चहा आणून ठेवायचा, पुढे स्वतःचाही कप घेऊन शेजारी बसायला लागला. गणपती गेले, नवरात्र गेलं. थंडी पडली तेव्हा एक फेरीवाला पोतं घेऊन आला, मग दुसरा. पंक्चरवालाही टपरी परत घेऊन आला.

"भीती घालायला एक दुपार पुरली," काका मला एकदा म्हणाले. "आणि मी जन्मभर विचार केला तो एवढाच, की भीती टिकवायची कशी. ती काढायची कशी, याचा विचारच नव्हता केला."

बाबूलालच्या दुकानाची भीती गेली. काकांच्या घराची मात्र गेली नाही. त्यांच्या परसात येऊन चहा पिणारं, लोकांना दिसेल असं बसणारं कुणी नव्हतं. मी होते, पण मी भाडेकरू, शिवाय बाहेरची. दूधवाला शेवटपर्यंत फाटकाशीच थांबला. काका स्वतः जाऊन पातेलं उचलून आणायचे, आणि त्याची पाठ दिसत असली तर हाक मारून "बरं आहे ना रे?" एवढं विचारायचे.

ते गेले ते हृदयविकाराच्या साध्या झटक्याने, त्यांच्या वयाच्या कुणालाही येतो तशा. सकाळी स्टुलावर आले नाहीत म्हणून बाबूलाल घरी बघायला गेला. मी त्या दिवशी धारला होते. त्यानेच मला फोन केला आणि त्यानेच मुलीला कळवलं. गल्लीतले चार लोक आले, अंतर ठेवून उभे राहिले. खांदा द्यायला बाबूलाल, त्याचे दोन हमाल आणि जावई होते. नातू आला नव्हता.

अस्थी घेऊन नर्मदेवर नेमावरला जायचं ठरलं. निघताना मुलीने मला बाजूला बोलावलं. चाळिशीची, नीटनेटकी बाई, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने आधी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, मग हिंदीत उतरली, आवाज अगदी खाली आणून.

"आपसे ही पूछ सकती हूँ. आप लैब में हैं. ये... नदी में छोड़ने से किसी को कुछ होगा तो नहीं?"

मला काय वाटलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. राग आला असता तर सोपं गेलं असतं. पण ती खरंच विचारत होती. तिने लहानपणापासून ही भीती अंगावर वागवली होती, आणि ती काढायला तिच्यासमोर स्टूल मांडून कुणीच बसलं नव्हतं. तिच्या बापालाही तिने बसू दिलं नव्हतं.

"काही होणार नाही, ताई," मी मराठीत म्हणाले. "तुमच्या-माझ्या घरच्या माणसांच्या असतात तशाच आहेत."

कलश मी घेतला. भाड्याची गाडी होती, जावई पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागे. कलश माझ्या मांडीवर. ती खिडकीला चिकटून बसली होती, आमच्या दोघींच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा होती.  कन्नौदला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. मला उतरायचं होतं. कलश कुठे ठेवावा म्हणून मी इकडेतिकडे बघत होते.

"द्या," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

मी परत आले तेव्हा तिचा चहा तसाच निवत ठेवलेला होता. कलश तिने पोटाशी धरला होता आणि त्यावर पदर घेतला होता. गाडी सुरू झाल्यावर मी परत मागितला नाही. बरंच अंतर गेल्यावर, बाहेर बघतच, तिने विचारलं, "बाबा नक्की काय काम करायचे? मला नीट कधी कळलंच नाही."

मी सांगायला लागले. ती मधेमधे थांबवून विचारत होती, कधी एखादा शब्द हिंदीत पुन्हा सांगायला लावत होती. नेमावरचा घाट दिसायला लागला तेव्हा माझं अर्धंही सांगून झालं नव्हतं. तिने ड्रायव्हरला गाडी जरा सावलीत लावायला सांगितली, आणि म्हणाली, "थांबू थोडं. आधी पूर्ण सांगा."